दिव्यांगांविषयी गावात संशोधन करताना या चुका टाळा

समाजकार्याचे विद्यार्थी आणि संस्थांचे नवे कार्यकर्ते दरवर्षी प्रश्नावल्या घेऊन गावोगावी जातात आणि त्याच त्या चुका करून परततात. सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच प्रश्नात होते.

"घरात कोणी अपंग आहे का?" असे दारात उभे राहून विचारू नका. मराठवाड्यातील एका गावाच्या पाहणीचे कागद माझ्याकडे तपासायला आले, तेव्हा एका संपूर्ण वस्तीत एकही दिव्यांग व्यक्ती नोंदलेली नव्हती. विश्वास बसेना, म्हणून आम्ही त्या वस्तीत पुन्हा गेलो. पहिल्याच घरात मोतीबिंदूमुळे चुलीपाशी जाणे सोडलेली आजी होती, पण तिचे ते वयच झाले, असे घरच्यांचे म्हणणे होते. शेजारच्या सुनेला ऐकू येत नव्हते. धाकट्या नणंदेचे लग्न जमायचे असल्याने ते बाहेर कळू दिले नव्हते. त्यापुढच्या घरातील मुलाला चालता येत नव्हते, तरी हाती प्रमाणपत्र नसल्यामुळे वडिलांनी "नाही" असे उत्तर दिले होते.

अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी यावर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न अशाच अडचणीसाठी आहेत. दिसणे, ऐकू येणे, चालणे, लक्षात राहणे, स्वतःची कामे करणे आणि आपले म्हणणे दुसऱ्याला कळवणे यांत किती त्रास होतो, एवढेच ते विचारतात आणि उत्तर चार पायऱ्यांत घेतात. मी ते घरातील प्रत्येक माणसाविषयी स्वतंत्रपणे विचारतो. वेळ लागतो, पण वेळ वाचवायचा असेल तर हे काम हाती घेऊच नये. मात्र मानसिक आजार या सहा प्रश्नांत अनेकदा निसटतात आणि लहान मुलांसाठी युनिसेफसोबत तयार झालेली वेगळी प्रश्नावली वापरावी लागते.

२०११ च्या जनगणनेतील २.२१ टक्के हा आकडा अंतिम मानून नमुना ठरवणे हीदेखील घाईच आहे. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार विचारले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस मान्य केले.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते, ती म्हणजे दिव्यांग व्यक्तीसमोर बसून तिच्या भावाशी किंवा आईशी बोलणे. एका कर्णबधिर तरुणाच्या मुलाखतीत भाऊच खुणा करून दुभाष्याचे काम करत होता आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कोण काढते, या प्रश्नाचे उत्तर त्याने तरुणाला न विचारताच दिले. कागदावर ती मुलाखत निर्दोष दिसत होती. म्हणून मी नेहमी जोडीने जातो: एक जण घरच्यांशी ओट्यावर शेतीचे, पावसाचे बोलत बसतो आणि सांकेतिक भाषा येणारा सहकारी, शक्य तर स्वतः कर्णबधिर असलेला, आत त्या व्यक्तीशी बोलतो. गावातील खुणा वेगळ्या असतील तर पहिल्या भेटीत फक्त ओळख करून घ्यावी. संमतीसुद्धा त्या व्यक्तीचीच हवी; पालकाचा अंगठा तिची जागा घेऊ शकत नाही.

बैठक पायऱ्या असलेल्या समाजमंदिरात ठेवू नका. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी त्याच दिवशी हातात द्या. फक्त आशाताईंच्या यादीवर विसंबून राहू नका. प्रश्नावली पूर्ण झाल्यावर दिव्यांगांना सल्लागार म्हणून बोलावू नका, प्रश्न ठरवतानाच बोलवा.

निष्कर्ष आधी विद्यापीठात आणि सवडीने गावात, हा क्रम तर मला अजिबात मान्य नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तिचा विषय ग्रामसभेत येण्यापूर्वी कुणाला रॅम्प हवा, कुणाला श्रवणयंत्र, कुणाचे प्रमाणपत्र अडले आहे, ही माणसांची नावे नसलेली गोषवाऱ्याची पाने गावातील दिव्यांगांच्या हाती असावीत. तिथे काय मांडायचे आणि कुणी बोलायचे, हे त्यांनीच ठरवावे.