लॅपटॉप संथ झालाय? भाग बदलण्याआधी तो अडतो कुठे ते बघा

टॅलीची बिलं, होमस्टेचं बुकिंग, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, मुलांचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज. बहुतेक घरांत लॅपटॉपला एवढंच काम असतं. एवढ्यासाठी पाच-सात वर्षांचा लॅपटॉप मोडीत काढायची गरज सहसा नसते, पण त्यात दिसेल तो भाग बदलण्यातही अर्थ नाही. डोळ्यांना दिसेल असा फरक पाडणारे बदल दोनच: हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) बसवणं आणि ४ जीबी रॅमची (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ८ जीबी करणं. कोकणात याला तिसरी गोष्ट जोडावी लागते. खारी हवा, दमट पावसाळा आणि लाईटचा लपंडाव यांचा बंदोबस्त केला नाही, तर घातलेला नवा भागही लवकर जातो.

दहा मिनिटांची तपासणी

लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटं तसाच ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सवर जा. नेहमीची दोन-तीन कामं उघडून डिस्क, मेमरी आणि सीपीयू या तीन ओळी बघा.

डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि नावाखाली एचडीडी लिहिलेलं असेल, तर दुखणं डिस्कमध्ये आहे. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. दोन्ही ठीक आहेत पण सीपीयू सतत १०० टक्के दाखवतोय आणि पंखा जोरात फिरतोय, तर आधी पंख्याची सफाई करा (ती कशी ते पुढे आहे), खर्चाचं नंतर बघा. तरीही सुधारणा नसेल, तर प्रोसेसरच (म्हणजे सीपीयू) अपुरा आहे. तो मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेला, म्हणजे डाक देऊन पक्का जोडलेला असतो, बदलता येत नाही.

याच मेमरीच्या पानावर स्लॉट किती आणि किती वापरात तेही दिसतं. फॉर्म फॅक्टरसमोर एसओडीआयएमएम असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे. काही मॉडेलमध्ये थोडी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा अशी सोय असते, म्हणून मॉडेल नंबर घालून कंपनीच्या संकेतस्थळावर कमाल रॅम किती चालते ते नक्की करा आणि मगच ऑर्डर द्या.

एसएसडी: पहिला खर्च हाच

लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबी देते. विंडोज मात्र हजारो लहान फाइली इकडून तिकडून उचलतं, आणि तिथे डिस्कच्या फिरत्या तबकडीवरचं डोकं धावून धावून थकतं. साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसएसडी सलग वाचनात सुमारे ५५० एमबी देते, आणि लहान फाइलींत तिचा फायदा याहून कितीतरी जास्त. म्हणून तीन-चार मिनिटांनी हाताशी येणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला लागतो.

विकत घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपला कोणती चालते ते ठरवा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा डिस्क असते. तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसते. नव्यांत एम.२ स्लॉट असतो, आणि फसगत होते ती इथे. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यात साटा आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगाची पद्धत) असे दोन प्रकार असतात, आणि काही स्लॉट दोनांपैकी एकच घेतात. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, २२४२ तेवढीच रुंद पण ४२ मिलिमीटर लांब. सामान्य कामात साटा आणि एनव्हीएमईमधला फरक हाताला फारसा जाणवत नाही. साटाच चालणारा लॅपटॉप आहे म्हणून हळहळू नका. ५१२ जीबी बहुतेकांना पुरते, फोटो-व्हिडिओ कमी असतील तर २५६ सुद्धा. अनोळखी नावाची, २ टीबीची, हास्यास्पद किमतीची एसएसडी घेऊ नका. अशांत खोटी क्षमता दाखवलेली असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे लिहिलेला डेटा नाहीसा होतो. तीन ते पाच वर्षांची वॉरंटी आणि पक्कं बिल पाहिजेच.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करावी की विंडोज नव्याने टाकावं? नवीन टाकणं बरं. वर्षानुवर्षांचा कचरा मागे राहतो, आणि १ टीबीच्या डिस्कवरून ५१२ जीबीवर नक्कल करताना विभाग आधी लहान करावे लागतात, तेही टळतं. अपवाद एकच: ज्यांच्या सॉफ्टवेअरची सीडी, की किंवा इन्स्टॉल करून देणारा माणूस आता सापडणार नाही, त्यांनी नक्कलच करावी.

नव्याने टाकण्याआधीची यादी कागदावर लिहून काढा, कारण त्रास इथेच होतो. टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे टॅलीतूनच या मशीनवरून सोडवा, ते मशीनला बांधलेलं असतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, बायोमेट्रिक यंत्राचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड, व्हॉट्सॲपवरून आलेल्या आणि डाउनलोडमध्ये पडलेल्या फाइली. श्रीलिपी किंवा कृतीदेव हे जुने देवनागरी फाँट वापरत असाल तर फाँटची फाइलही जपा, नाहीतर जुनी मराठी पत्रं उघडली की अगम्य चिन्हं दिसतील. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. ती नसेल तर जुन्या डिस्कवरचं काहीही नंतर वाचता येणार नाही.

मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज उतरवून घ्या. हे काही जीबीचं काम आहे. गावात रेंज अर्धवट असेल तर रात्री लावून ठेवा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. मागचं झाकण शून्य नंबरच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने उघडतं. एक-दोन स्क्रू बरेचदा रबरी पायाखाली लपलेले असतात. झाकण अडतंय म्हणजे स्क्रू राहिलाय. ताकद लावली की प्लास्टिकच्या खुंट्या मोडतात. कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवत खुंट्या सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो, कधी बोर्डही जातो.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. मगच डिस्कला हात लावा. अडीच इंची डिस्क धातूच्या चौकटीसकट निघते. चौकट एसएसडीला लावायची असते, ती फेकू नका. एम.२ असेल तर तिरकी घालून टोक खाली दाबायचं आणि एक स्क्रू लावायचा.

पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' निवडा. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, पूर्वीचीच होम किंवा प्रो आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ते आपोआप सुरू होतं. एसएसडी बदलली म्हणून कुणी नव्या विंडोजचे पैसे मागत असेल तर देऊ नका. इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही, आणि प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल, तर एसएसडी सदोष समजून परत पाठवू नका. तिथे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

जुनी हार्ड डिस्क यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवा. टॅली, जीएसटीचा भरणा, प्रिंटर सगळं एकदा सुरळीत झाल्याशिवाय ती फॉरमॅट करू नका. आणि ती लॅपटॉपशेजारच्या खणात ठेवू नका. चिपळूणच्या बाजारपेठेने जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आहे. हिशेबाची दुसरी प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी हवी.

रॅम

४ जीबीवर आजचं विंडोज आणि ब्राउझर एकत्र नांदत नाहीत. ८ जीबी पुरते, १६ आरामशीर, ३२ या कामांना वाया. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे गरजेपुरतीच घ्या.

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीची दुसरीत जात नाही. जुन्या डीडीआर३ मध्ये मात्र गफलत होते: १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची पट्टी दिसायला सारखीच, पण अनेक लॅपटॉप १.३५चीच घेतात. जुन्या पट्टीच्या लेबलचा फोटो काढून तो दुकानात दाखवा. ८ जीबीच्या पट्टीसोबत ४ जीबीची चालते. वेग कमी असलेल्या पट्टीचा धरला जातो, एवढंच. पट्टी साधारण तीस अंशांत तिरकी, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन बसल्या पाहिजेत. नंतर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, विशेषतः डीडीआर५ वर. घाबरून लगेच बंद करू नका.

पावसाळ्यात एक वेगळंच दुखणं येतं. दोन महिने बंद असलेला लॅपटॉप दिवा लावतो, पंखा फिरवतो, स्क्रीनवर मात्र काही नाही. दुकानात याला 'बोर्ड गेला' म्हणून मोकळे होतात. आधी रॅम काढून बघा. कडेवर काळपट डाग असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकं घासा, चुरा झटका, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, परत बसवा. बऱ्याचदा नवी रॅम न घेताच लॅपटॉप उठतो.

खारी हवा, लाल धूळ, लाईट

हवेतलं मीठ बोर्डावर बसतं आणि ओलावा ओढून घेतं. त्यातून वीज वाहू शकेल असा पातळ थर तयार होतो आणि धातू खायला सुरुवात होते. किनाऱ्यावरच्या घरात वापराविना पडलेला लॅपटॉप म्हणूनच चालू लॅपटॉपपेक्षा लवकर खराब होतो. चालू असताना बोर्ड गरम राहतो, ओल धरत नाही. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालवा. वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पावसाकडच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको. एसीच्या खोलीतून दमट पडवीत आणल्यावर आत दव धरतं. अर्धा तास थांबून सुरू करा.

जांभ्याची लाल धूळ दमट हवेत पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखी चिकटते. बाहेरून फुंकून ती निघत नाही, पंखा काढावा लागतो. साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर जुनी पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. हे काम आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, तयारीत करून घेतलेलं उत्तम.

बॅटरीचं मोजमाप करता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' टाइप करा. अहवालात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दिसते. निम्म्याखाली गेली असेल तर बदला. दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या गावात चांगली बॅटरी म्हणजेच यूपीएस. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगली आहे: वापर त्याच क्षणी थांबवा, टोचू-दाबू नका.

तीन पिनांचा चार्जर लावूनही धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असं समजा आणि वायरमनकडून तपासून घ्या. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर आणखी कमजोर होतं. विजा सुरू झाल्या की प्लग काढा, आणि ब्रॉडबँडची लॅन वायरसुद्धा. वीज त्या वाटेनेही येते.

चाकरमान्यांनी आणलेले लॅपटॉप आणि बाकीचे

गणपतीला मुंबईहून ऑफिसचा जुना लॅपटॉप गावच्या घरी येतो. हे लॅपटॉप मजबूत असतात, रॅमचे स्लॉटही बहुधा दोन असतात, त्यामुळे खर्च सार्थकी लागतो. पण पैसे घालण्याआधी बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड नाही आणि कंपनीचं लॉक निघालेलं आहे, याची खात्री करा.

विंडोज १० चा नियमित आधार (मोफत अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी घालून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं तर ब्राउझर आणि कागदपत्रांचं काम उत्तम चालतं. टॅली आणि टोकन लागणाऱ्यांनी मात्र अशा लॅपटॉपवर मोठा खर्च करू नये. सोल्डर केलेली ४ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच जोडलेली संथ साठवण) आणि सेलेरॉन (इंटेलचा कमी ताकदीचा प्रोसेसर) असं त्रिकूट असेल तर एक रुपयाही घालू नका.

वायफाय कार्ड बदलून जांभ्याची जाड भिंत ओलांडता येत नाही. राऊटर हलवा, तो फुकट आहे.

लॅपटॉप दुकानात देणार असाल तर आधी टास्क मॅनेजरच्या मेमरी आणि डिस्कच्या पानांचे फोटो काढा. परत घेताना तिथेच सुरू करून तेच आकडे पडताळा, बिलावर नव्या भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि काढलेली जुनी डिस्क मागून घ्या. तुमचे सगळे फोटो, आधार आणि पॅनच्या प्रती त्या डिस्कवरच असतात.