सुई, दोरा आणि नीळ: मलमलीवर नुई शिबोरी कशी करावी

पांढऱ्या मलमलीवर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, दोरे ओढून कापड गच्च आवळायचं, निळीत बुडवायचं आणि सुकलं की दोरे उसवायचे. जपानमध्ये याला नुई शिबोरी म्हणतात. ‘नुई’ म्हणजे शिवण, आणि ‘शिबोरी’ हा शब्द पिळणे, आवळणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. बांधणीत कापडाची चिमूट धरून तिच्याभोवती दोरा गुंडाळतात. इथे दोरा कापडातूनच जातो, त्यामुळे रेघ, वळण, पान, वर्तुळ, जे आखाल ते उमटतं. जावा बेटावर या पद्धतीला त्रितिक म्हणतात आणि नायजेरियातले योरुबा लोक आदिरे अलाबेरे.

जपानमध्ये या कामाचं मोठं गाव म्हणजे नागोयाजवळचं अरिमात्सु. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो या हमरस्त्यावर ते १६०८ साली वसवलं गेलं. तिथले लोक शिबोरीने रंगवलेले सुती पंचे वाटसरूंना विकत. ते काम आजही तिथे चालू आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. कापड पांढरं राहतं ते चुण्या एकमेकींना घट्ट चिकटल्यामुळे. दोऱ्याचं काम त्यांना तसं धरून ठेवायचं. टाके कितीही देखणे असले आणि ओढ सैल राहिली, तर हाती निळं फडकं येतं. माझा पहिला रुमाल असाच गेला. तीन संध्याकाळी शिवला होता, आणि दोरा तुटेल या भीतीने मी तो पुरता ओढलाच नाही.

कापड आणि दोरा

साधारण ४० सेंटिमीटर चौरस सुती मलमल घ्या. जाड मांजरपाटावर शिकू नका. चुण्या नीट बसत नाहीत आणि बोटं दुखतात. नव्या कापडाला खळ असते, ती पूर्ण काढावी लागते. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड अर्धा-पाऊण तास उकळा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला गेला, की कापड तयार झालं.

दोरा पॉलिएस्टरचा, चांगला मजबूत, आणि दुहेरी घ्यायचा. सुती दोरा ऐन ओढायच्या वेळी तुटतो. मी लाल दोरा वापरते. पॉलिएस्टरवर नीळ जवळजवळ चढत नाही, म्हणून उसवताना निळ्या कापडात तो चटकन दिसतो.

आखणी

पाण्याने पुसली जाणारी खूण हवी. शिंप्यांकडचं पाण्याने जाणारं पेन उत्तम. जपानी कारागीर यासाठी आओबाना नावाच्या फुलाचा निळा रस वापरत आले आहेत. तो पाण्यात निघून जातो. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो केना त्याच कुळातला.

पहिल्या कामासाठी मोकुमे निवडा. मोकुमे म्हणजे लाकडाच्या अंगावरच्या रेषा. पट्टीने एक एक सेंटिमीटरवर समांतर रेघा आखा, दहा-बारा पुरेत.

टाके

प्रत्येक रेघेवर वेगळा दोरा. सुरुवातीची गाठ मोठी घाला, कारण मलमल विरळ असते आणि लहान गाठ तिच्यातून आरपार निघून येते. गाठीनंतर एक उलटा टाका घेतला तर आणखी बरं. मग साधा धावदोरा, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. ओळ संपली की दहा सेंटिमीटर दोरा मोकळा सोडून कापा. शिवताना ओढू नका, कापड सपाटच राहू द्या.

एका ओळीतले टाके दुसऱ्या ओळीशी तंतोतंत जुळवायची गरज नाही. ते थोडे पुढेमागे झाले की रेषा सागवानाच्या फळीसारख्या वाहतात. मोजून जुळवले तर नक्षी ताठर दिसते.

ओढ

सगळ्या ओळी शिवून झाल्या की कापडावर पाण्याचा हात फिरवा. आधी प्रत्येक दोरा थोडा थोडा ओढून कापड गोळा करा, मग पहिल्या ओळीपासून एकेक दोरा पूर्ण ताणा. डाव्या हाताच्या नखाने चुण्या गाठीकडे ढकलत राहा. दोरा आणखी सरकत नाही असं वाटतं, त्यानंतरही तो थोडा सरकतो, तिथपर्यंत जायचं. शेजारच्या दोन ओळींची टोकं एकमेकांना बांधा, आणि पहिल्या गाठीला दोरा दोनदा फिरवा म्हणजे हात सुटला तरी ती सैल होत नाही.

आता चाळीस सेंटिमीटरच्या रुमालाची बोटभर जाडीची, कडक कांडी झालेली असेल. ती वाकवून पाहा. वाकली तर अजून ओढायला जागा आहे.

नीळ

पांढऱ्या कपड्यांना घालतात ती बाजारातली नीळ इथे चालत नाही. नैसर्गिक निळीची पावडर आणा. ती पाण्यात विरघळत नाही. आधी तिला विरघळणाऱ्या, पिवळसर हिरव्या रूपात आणावं लागतं. मग ती धाग्यात शिरते आणि हवा लागली की पुन्हा निळी होऊन तिथेच अडकते. शिबोरीसाठी नीळ इतकी सोयीची याचं कारण हेच: कापड थोडा वेळ बुडवून बाहेर काढता येतं, आणि तेवढ्या वेळात रंग चुण्यांच्या पोटात शिरत नाही. तासभर उकळावा लागणारा रंग शिवणीतून आत झिरपतो.

प्रमाण एकास दोन, तीन. पाच लिटर पाण्याला २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम विझवलेल्या चुन्याची पूड आणि ६० ग्रॅम फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर. चुना कातडीला आणि डोळ्यांना भाजतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालाच. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियमचं मुळीच नको. सुमारे ५० अंश गरम पाण्यात आधी नीळ चांगली कालवा, मग फ्रुक्टोज, शेवटी चुना थोडा थोडा करून घाला. अलगद ढवळा, हवा कोंबू नका, आणि झाकून ठेवा. तास-दीड तासाने वर तांब्याची झाक असलेली साय धरते आणि खालचं पाणी मधासारखं पिवळं दिसतं. पाणी निळंच असेल तर ते गरम करा, चमचाभर फ्रुक्टोज घाला आणि थांबा.

आवळलेली कांडी आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. पाणी चुण्यांमध्ये आधीच बसलं की निळीला जागा राहत नाही. मग ती तळाचा गाळ न ढवळता तीन मिनिटं बुडवा, पाण्याच्या पातळीलगतच दाबून अलगद काढा. बाहेर येताना ती पोपटी असते आणि डोळ्यांदेखत निळी होत जाते. दहा मिनिटं हवेत धरा, बाहेरच्या चुण्यांच्या कडा बोटाने हलवून तिथेही हवा लागू द्या. असं पाच-सहा वेळा करा. ओल्यात रंग दिसतो त्याहून सुकल्यावर फिका निघतो, म्हणून एक बुडी जास्तच द्या.

उसवणं

कांडी खळखळून धुवा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उरलेला चुना घालवा, पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओली असताना उघडली तर सुटा रंग पांढऱ्यावर पसरतो. गाठीजवळचं कापड सपाट करून फक्त दोरा कापा. टोकदार कात्री वापरत असाल तर तिचं टोक नेहमी वर ठेवा. मग कापडाला दोन्ही बाजूंनी आडवं ताणा. दोरे फटफट सुटतात, आणि प्रत्येक रेषेवर सुईच्या वाटेचे बारीक ठिपके उरतात. ते इस्त्रीने घालवायची घाई करू नका. शिबोरीच्या नावाने छापील कापडही विकलं जातं. त्यात हे ठिपके आणि ही चुरगळ नसते.

मोकुमे जमलं की ओरिनुई करून पाहा. आखलेल्या रेघेवर कापड दुमडायचं आणि घडीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत धावदोरा घालायचा. रेघेच्या दोन्ही अंगांना दातांची जोडओळ उमटते, आणि तिने पानाची शीर फार सुंदर निघते. पहिल्या दोन-तीन धुण्यांना रुमाल वेगळाच धुवा आणि सावलीत वाळवा.