जपानला शिकायला जाताय? या चुका टाळा

जपानमध्ये नव्या विद्यार्थ्याला कोणी तोंडावर बोलत नाही. शेजारी मान झुकवतात, सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, शांतपणे ऐकून घेतात, दुकानदार तर आभारच मानतो. आपल्याकडे काही चुकलं की चारजण लगेच सांगायला येतात. त्यामुळे कोणी हटकलं नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं आपण धरून चालतो. तिथल्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कचरा जमेल तसा टाकणं

प्रत्येक शहराचे नियम वेगळे, टोकियोत तर प्रत्येक वॉर्डाचे. क्योतोत जळणाऱ्या कचऱ्याला महापालिकेची पिवळी पिशवीच लागते. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढायचं, बाटली विसळायची आणि तिच्या ठरलेल्या दिवशी सकाळीच ठेवायची. वर्गवारी चुकली तर गाडी पिशवी नेत नाही. तिच्यावर एक स्टिकर चिकटवून ती तिथेच सोडून जाते आणि दिवसभर सगळी गल्ली ती बघते. तरी तुमचं दार कोणी वाजवणार नाही. तक्रार घरमालकाकडे जाईल आणि तिथून फिरत तुमच्यापर्यंत येईल.

असं झालं तर पिशवी त्याच दिवशी घरी आणा, पुन्हा वेगळी करा आणि मालकाला स्वतःहून सांगा. घर घेतानाच वेळापत्रक मागून फ्रिजवर लावा. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते गोठवायची पावडर दुकानात मिळते.

लॅबमधली अडचण दाबून ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, असं माझं ठाम मत आहे. उपकरण बिघडलंय, निकाल येत नाहीत, लेख समजत नाही. आपली मुलं विचार करतात, आधी स्वतः सोडवू आणि मग सांगू. तिथे अपेक्षा नेमकी उलटी असते. लहानसहान गोष्टही वेळेवर कळवायची, अडलं की विचारायचं, आणि पहिला प्रश्न सेन्सेईंना नाही, सेनपाईला, म्हणजे लॅबमधल्या सीनियरला. सेनपाईला विचारणं हा कमीपणा नाही, त्यानं ते शिकवावं अशीच तिथली रीत आहे.

सेमिनारमध्ये तुम्ही नवी कल्पना मांडता. सेन्सेई मान एका बाजूला कलती करतात, दातांमधून हवा आत ओढतात, थोडं थांबतात आणि म्हणतात, "जरा अवघड आहे." हा नकार आहे. होकार समजून महिनाभर त्याच कामावर घालवलेला विद्यार्थी नंतर हवालदिल होतो. शंका असेल तर त्याच संध्याकाळी सेनपाईला गाठा आणि विचारा, "मी हे सोडून द्यावं का?" उत्तर सरळ मिळेल.

"मी शाकाहारी आहे" एवढंच सांगणं

मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप आणि उदोन नूडल्सचा रस्सा दाशी नावाच्या अर्कावर शिजतो, आणि दाशीत बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे असतात. नुसतं शाकाहारी म्हटलंत तर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येऊ शकतो, आणि वाढणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. म्हणून मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही, असं नावं घेऊन सांगा. करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. पाकिटावरची गाय, डुक्कर, कोंबडी आणि मासा यांची अक्षरं पहिल्याच आठवड्यात ओळखायला शिका. टोकियोत असाल तर डाळी-मसाल्यांसाठी भारतीय वस्तीचा निशी-कासाई भाग गाठा. बाहेर निर्धास्त जेवायचं असेल तर बौद्ध मठांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण, शोजिन र्योरी, शोधा.

कागदपत्रं मागे टाकणं

राहण्याचा पत्ता ठरल्यावर 14 दिवसांत तो पालिका कार्यालयात नोंदवायचा असतो आणि रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) कायम जवळ ठेवायचं असतं. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा काढा, मग उपचारांचा साधारण 30 टक्के खर्चच तुमच्यावर येतो. वय 20 पूर्ण असेल तर पेन्शनची पत्रं येतात. ती बाजूला टाकू नका, विद्यार्थ्यांना हप्ते पुढे ढकलण्यासाठी अर्ज करता येतो.

अर्धवेळ कामाला परवानगी लागते. ती मिळाल्यावरही आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते, तीही सगळ्या नोकऱ्या मिळून, आणि मोजणी कुठल्याही वारापासून केली तरी 28 च्या आतच बसायला हवी. लांब सुट्टीत दिवसाला 8 तास चालतात. जास्त तास केले तर दुकानाचा मॅनेजर अडवेलच असं नाही. व्हिसा वाढवताना कराचा दाखला मागतात, तेव्हा कमाईवरून सगळं उघड होतं आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. तासांची वही स्वतः ठेवा.

सीनियरकडून जुनी सायकल घेतलीत तर तिची चोरीप्रतिबंधक नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी त्याच्याकडून हस्तांतराचं पत्र लागतं, ते तो भारतात परतण्याआधीच मागा.