नायट्रेट उतरवलं ते जिवाणूंनीच
दर आठवड्याला पाणी बदलूनही माझ्या माशांच्या टाकीचं पाणी टेस्ट किटच्या नळीत लालभडकच व्हायचं. लाल म्हणजे नायट्रेट जास्त. माशांच्या घाणीतून साठत जाणारं हे नायट्रेट 80 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 80 भाग) खाली येईना. फिल्टरमधले जिवाणू घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करून थांबतात. पुढे नायट्रेट मोडणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन नसलेली जागा लागते. मग झाकणबंद बरणीत सच्छिद्र दगड भरले, सलाइनच्या नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडलं आणि जिवाणूंना खाद्य म्हणून रोज चिमूटभर साखर. सुरुवातीला बरणीतून नायट्राइट, म्हणजे अर्धवट मोडलेलं नायट्रेट, यायला लागलं. ते माशांना फार घातक, म्हणून ते सगळं पाणी बादलीत घेऊन कुंड्यांना घातलं. एकदा सडक्या अंड्यांचा वास आला, म्हणजे पाणी बरणीत फार रेंगाळत होतं, तेव्हा थेंबांचा वेग वाढवला. पाचव्या आठवड्यात बरणीतल्या पाण्याची टेस्ट किटची नळी पिवळी, म्हणजे नायट्रेट गायब! नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून गेला होता. मगच बरणीचं पाणी टाकीत परत सोडलं, तेही उंचावरून, हवा मिसळावी म्हणून. आता टाकीत 20 आहे.