उणे 40 अंशांच्या ब्लास्ट फ्रीझरसाठी वायर कशी निवडावी आणि कशी ओढावी

कोळंबी, मासळी किंवा मटार गोठवणाऱ्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये उणे 35 ते उणे 40 अंश सेल्सिअस तापमान असतं. शेजारच्या साठवणुकीच्या खोलीत उणे 18 ते उणे 25. एवढ्या थंडीत साधी पीव्हीसी वायरसुद्धा जागची न हलता पडून राहिली तर बरीच वर्षं टिकते. पंख्याची मोटर बदलताना तीच वायर कोणी बाजूला सारली की मात्र इन्सुलेशन काचेसारखं तडकतं. म्हणून वायर निवडताना पहिला प्रश्न असा विचारायचा: ही वायर गार असताना हलणार आहे का? तापमानाचा आकडा त्यानंतर.

कडक होतं ते काय?

तांबं नव्हे. तांबं या थंडीत ठिसूळ होत नाही. उलट 20 अंशांवरून उणे 30 वर गेल्यावर त्याचा रोध साधारण 20 टक्क्यांनी घटतो. भानगड सगळी वरच्या आवरणाची.

शुद्ध पीव्हीसी 80 अंशांच्या खाली कडकच असतं, पाण्याच्या पाइपसारखं. त्याची वायर करता येते ती प्लास्टिसायझर मिसळल्यामुळे. शंभर भाग रेझिनला साधारण 40 ते 60 भाग हे तेलकट द्रव्य घालतात. ते रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं, साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात आणि वायर वाकते. तापमान उतरलं की हे सरकणं मंदावतं. नेहमीच्या मिश्रणाची वायर शून्याच्या आसपास हाताला कडक लागायला लागते आणि उणे 15 च्या खाली तिला वाकवण्याची किंवा तिच्यावर काही आपटण्याची जोखीम घेऊ नये. अ‍ॅडिपेट किंवा सेबॅकेट जातीचे प्लास्टिसायझर वापरलेलं पीव्हीसी उणे 30-40 पर्यंत तग धरतं, पण ते मुद्दाम मागवावं लागतं.

आगीपासून संरक्षण देणाऱ्या एफआरएलएस (आग न पसरवणाऱ्या, कमी धूर करणाऱ्या) किंवा हॅलोजनमुक्त वायरी इमारतीत उत्तम. त्यांच्यात खनिज भुकटी भरपूर असते आणि भुकटी जितकी जास्त तितकी थंडीतली लवचिकता कमी. महागडी वायर आहे म्हणजे फ्रीझरलाही चालेल, हा हिशेब इथे चुकतो.

कुठे कोणती

सिलिकॉन रबर उणे 60 ते अधिक 180 अंशांपर्यंत चालतं आणि उणे 40 लाही मऊ राहतं. डीफ्रॉस्ट हीटरच्या, म्हणजे साचलेला बर्फ वितळवणाऱ्या हीटरच्या, लीडसाठी हीच वायर घ्या, कारण तिथे एका टोकाला बर्फ आणि दुसऱ्या टोकाला तापलेला हीटर असतो. तिची खोड एकच: ती फाटते. पत्र्याच्या धारेवर एकदा घासली की बारीक चीर पडते आणि तीच पुढे वाढत जाते. फायबरग्लासची वेणी असलेली घ्या किंवा स्लीव्हमधून न्या. पत्र्यातल्या प्रत्येक छिद्राला ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रबरी कडी, बसवा.

दाराच्या बिजागरीजवळची लूप आणि पंख्याची लीड, म्हणजे जिथे खरोखर हालचाल आहे तिथे, ईपीडीएम रबर किंवा पॉलियुरेथेन जॅकेटची फ्लेक्सिबल केबल लागते. पॉलियुरेथेनमध्ये 'पॉलिईथर' जातीचं मागा, ते ओलाव्यात टिकतं. निओप्रीन जॅकेटची रबर केबल दणकट असते, पण तिच्या एच07आरएन-एफ या नेहमीच्या प्रकाराच्या डेटाशीटमध्ये बहुधा हलत्या वापरासाठी उणे 25 आणि पक्क्या बसवलेल्या केबलसाठी उणे 40 असे दोन आकडे असतात. दुकानदार दुसरा सांगतो, तुम्हाला हवा असतो पहिला. कोणतीही केबल घेताना हे दोन्ही आकडे लेखी घ्या.

तापमानाच्या सेन्सरसाठी पीटीएफई, म्हणजे बाजारातली टेफ्लॉन वायर, डोळे मिटून घ्यावी. ती मुळात थोडी ताठ असते, पण उणे 40 ला तिला काहीही होत नाही.

मुख्य पुरवठ्याला अनेक जण एक्सएलपीई आर्मर्ड केबल सुचवतात, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिइथिलीनचं इन्सुलेशन आणि त्यावर धातूचं चिलखत (आर्मर) असलेली. एक्सएलपीई थंडीत उत्तमच. मात्र आयएस (भारतीय मानक) 7098 भाग 1 प्रमाणे मिळणाऱ्या या केबलचं बाहेरचं जॅकेट पीव्हीसीचं असतं. आतलं इन्सुलेशन शाबूत आणि जॅकेट फुटलेलं, मग त्या फटीतून ओलावा आर्मरपर्यंत, असा प्रकार होतो. ऑर्डरमध्ये 'कमी तापमानाचं पीव्हीसी जॅकेट' किंवा 'पॉलिइथिलीन जॅकेट' असं स्पष्ट लिहा. नाहीतर ही केबल भिंतीबाहेरच्या जंक्शन बॉक्सपर्यंतच आणा आणि आत फ्लेक्सिबल न्या. दुसरा मार्ग स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा.

कंडक्टर आयएस 8130 प्रमाणे क्लास 5 चा, बारीक तारांचा घ्या. 2.5 चौरस मिमीसाठी 50 तारा, प्रत्येकी 0.25 मिमीची, हा नेहमीचा प्रकार. प्लांट अमोनियावर चालत असेल तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं मागा आणि पितळी ग्लँड (केबल खोक्यात शिरते तिथे तिला घट्ट पकडणारी जोडणी) टाळा. ओला अमोनिया तांबं खातो आणि पितळ ताणाखाली तडकतं. स्टेनलेस स्टीलचे ग्लँड बसवा.

घेण्याआधी तुकडा तपासा

आयएस 10810 च्या भाग 20 मध्ये गार वाकवण्याची आणि भाग 21 मध्ये गार आघाताची चाचणी दिली आहे. या चाचण्यांचा अहवाल आणि त्यातलं तापमान पुरवठादाराकडे मागा. चालू फ्रीझर हाताशी असेल तर ढोबळ चाचणी जागेवरच होते:

1. वायरचा एक मीटर तुकडा आणि वायरच्या जाडीच्या चौपट व्यासाची गुळगुळीत लोखंडी सळई, दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सळईही गार हवी, नाहीतर ती वायरला ऊब देते.
2. फ्रीझरमध्येच, जाड हातमोजे घालून, तुकडा सळईवर पाच-सहा वेढे गुंडाळा. वेढ्याला साधारण एक सेकंद. बारीक वायर बाहेर आणली तर मिनिटाभरात गरम होते आणि चाचणी फसते.
3. वेढे तसेच ठेवून बाहेर आणा आणि भिंगाने बाहेरच्या अंगाला चिरा बघा.
4. दोन्ही टोकं वर ठेवून वेढे मीठ घातलेल्या पाण्यात तासभर बुडवा. मग कंडक्टर आणि पाणी यांच्यात 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावा. वाचन कोसळलं तर डोळ्याला न दिसणारी चीर आहे.

खरेदी करायची वायर कामाच्या तापमानापेक्षा पाच-दहा अंश खाली पास व्हायला हवी. फ्रीझर उणे 30 चा असेल आणि त्याहून गार जागा नसेल तर कोरड्या बर्फाने (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) उणे 78 पर्यंत जाता येतं. तो उघड्या, हवेशीर जागी वापरा, बंद डब्यात नको.

ओढताना

शक्य असेल तेव्हा सगळी वायरिंग खोली गार करण्याआधी पुरी करा. चालू फ्रीझरमध्ये काम करणं भाग असेल तर केबलची गुंडाळी 20-25 अंशांच्या खोलीत 24 तास ठेवा, मोठ्या ड्रमला 48 तास. पृष्ठभाग तासाभरात कोमट लागतो, पण आतले थर गारच असतात. आत नेल्यावर लगेच ओढा, लगेच वाकवा, लगेच बांधा. लडाखमध्ये हिवाळ्यात उघड्यावर केबल टाकतानाही हाच नियम आणि काम दुपारच्या उन्हात. ब्लोलॅम्पने केबल शेकू नका. वरचं जॅकेट वितळतं आणि आतलं इन्सुलेशन गारच राहतं.

वळण किती मोठं ठेवायचं याचं गणित सोपं आहे. 10 मिमी जाडीची केबल जाडीच्या चौपट त्रिज्येवर वाकवली तर बाहेरचं अंग सुमारे 11 टक्के ताणलं जातं. आठपट त्रिज्येवर हाच ताण 6 टक्क्यांवर येतो आणि बारापट त्रिज्येवर 4 वर. गार पीव्हीसीला 11 टक्के झेपत नाहीत. म्हणून उत्पादकाने दिलेल्या त्रिज्येच्या दुप्पट ठेवा.

केबल ताणून बांधू नका. 30 अंशांना बसवलेलं 10 मीटर तांबं उणे 30 ला सुमारे 10 मिमी आखडतं आणि प्लास्टिकचं आवरण त्याहून कितीतरी जास्त आखडायला बघतं. परिणामी ग्लँडमधून जॅकेट मागे सरकतं आणि आतल्या रंगीत वायरी उघड्या पडतात. प्रत्येक टोकाला 200-300 मिमीची सैल लूप ठेवा. मोटरजवळच्या लूपनंतर पहिला क्लँप 150 मिमीच्या आत घ्या, कारण पंख्याची हवा केबलला सतत हलवते आणि ही हालचाल ग्लँडच्या तोंडाशी येऊन साचते. खोली पहिल्यांदा पूर्ण गार झाल्यावर सगळे ग्लँड आणि टर्मिनलचे स्क्रू पुन्हा आवळा. हे काम हमखास राहून जातं.

नायलॉनचे साधे टाय गार हवेत ओढताना पटकन तुटतात. तेही उबेत ठेवून मगच वापरा, किंवा स्टेनलेस स्टीलचे पीव्हीसी लेप नसलेले टाय सैल बांधा. पीव्हीसी कॉंड्युइट फ्रीझरमध्ये लावूच नये, ट्रॉली लागली की त्याचे तुकडे होतात. साधी काळी टेप उणे तापमानात चिकटत नाही. जोड झाकायचा तर सिलिकॉनची स्वतःलाच चिकटणारी टेप किंवा हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरा.

फ्रीझरच्या भिंतीच्या पॅनेलमधून केबल नेताना एक गोष्ट जवळपास सगळीकडे चुकते. पॅनेलमध्ये थर्माकोल असेल तर पीव्हीसी केबल त्याला टेकता कामा नये. थर्माकोल पीव्हीसीमधला प्लास्टिसायझर ओढून घेतं. काही वर्षांत थर्माकोल चिकट होऊन बसतं आणि वायर ठिसूळ होते, तीही बरोबर भिंतीत, जिथे दिसत नाही. भोकात स्लीव्ह घाला आणि केबल त्यातून न्या. मग स्लीव्हची दोन्ही तोंडं सीलंटने बंद करा. उबदार बाजूचं तोंड उघडं राहिलं तर दमट हवा आत खेचली जाते आणि फ्रीझरमधल्या जंक्शन बॉक्समध्ये बर्फाचा गोळा तयार होतो.

ट्रिप होत असेल तर

ब्रेकर थंडीत व्यवस्थित टिकतो आणि डीफ्रॉस्ट सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) पडतो, ही तक्रार नेहमीची. बर्फ विजेचा फार वाईट वाहक आहे, त्यामुळे चिरेत बर्फ असेपर्यंत गळती दिसत नाही. तो वितळला की पाणी वाट करून देतं. म्हणून फ्रीझर गार असताना मेगरने चांगलं वाचन दिलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. पुरवठा बंद करून आयसोलेटरला कुलूप लावा, डीफ्रॉस्ट संपता संपता, सगळं ओलं असताना मेगर लावा. आधी हीटरची लीड सोडवून हीटर वेगळा मोजा, मग केबल वेगळी.

वाचन खराब आलं तर आधी ग्लँडपासूनचे पहिले 100 मिमी, मग बिजागरीची लूप, मग पत्र्याच्या कडा बघा. चीर सापडल्यावर तिथे जोड मारून वेळ भागवू नका. बाहेरच्या जंक्शन बॉक्सपर्यंतचा अख्खा तुकडा बदला. ज्या वायरला एका जागी चीर गेली तिचं बाकीचं आवरणही तितकंच म्हातारं झालेलं असतं.

जाता जाता आत अडकलेल्या माणसासाठी असलेलं अलार्मचं बटण तपासा. त्याची वायर सहसा सगळ्यात स्वस्त असते, दारालगत असते आणि रोज कोणी वापरत नाही म्हणून तुटलेली कळत नाही. दुसरा माणूस बाहेर उभा करून आतून बटण दाबा आणि हूटर वाजतोय का हे त्यालाच सांगू द्या. महिन्यातून एकदा, खोली पूर्ण गार असताना.