कोडिंगसाठी एडिटर कुठला घ्यायचा?

आधी लॅपटॉपची रॅम बघा, मग एडिटर (म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर). ८ जीबी किंवा जास्त असेल तर सरळ व्हीएस कोड टाका, फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतो, आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) टाकलं की बऱ्याच चुका टाइप करतानाच लाल रेघेत दिसतात. पण तो आतून क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर) चालतो म्हणून रॅम खातो, त्यामुळे ४ जीबीचं जुनं मशीन असेल तर जीनी किंवा विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस घ्या, शिकायला खरंच पुरतं.

सर्व्हरवर काम करायचं असेल तर थोडा विम (टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा एडिटर) यायलाच हवा, टर्मिनलमध्ये विमट्यूटर हा त्याचा धडा चालवा, अर्ध्या तासात हात बसायला लागतो.

कुठलाही घेतलात तरी पहिल्याच दिवशी एक सेटिंग करा, टॅब दाबला की ४ स्पेस पडल्या पाहिजेत. पायथनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले की एरर येतो, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, नवीन मुलं यात तासन्तास अडकतात हो! व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या बाजूला स्पेसेस असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून बदलता येतं.

आणि जुन्या व्हिडिओत अ‍ॅटम हा एडिटर सुचवला असेल तर तो सोडा, डिसेंबर २०२२ मध्येच बंद झालाय.