रॅबिटला ससा म्हणताना

इंग्रजी मजकुरात रॅबिट दिसला की आपण ससा लिहून मोकळे होतो. गोष्टीत ते खपून जातं. प्राण्यांच्या माहितीत मात्र घोटाळा होतो, कारण माण, खटाव किंवा जतच्या माळावर दिसतो तो रॅबिट नव्हेच, तो हेअर. मराठीतला मूळ ससा तोच.

म्हणून आधी पिल्लांकडे पाहा. हेअरची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावर जन्मतात, रॅबिटची उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली. पिंजऱ्यातला, लाल डोळ्यांचा पांढरा असेल तर ‘पाळीव ससा’ लिहा. युरोपच्या रानातला रॅबिट असेल तर ‘बिळात राहणारा ससा’. आपल्या माळावरचा असेल तर ‘रानससा’.

शब्दांचं नातंही हेच सांगतं. संस्कृत शश, मराठी ससा, जर्मन हाझं आणि इंग्रजी हेअर ही एकाच घरची भावंडं. मूळ अर्थ बहुधा ‘करडा’. रॅबिट या घरातला नाही. तो इंग्रजीत १४व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, बहुधा आजच्या बेल्जियमच्या बाजूने आलेला. तेव्हा रॅबिट म्हणजे फक्त पिल्लू. मोठ्याला कोनी म्हणत. जुन्या इंग्रजी मजकुरात दोन्ही शब्द शेजारी आले, तर दोन्हीकडे नुसतं ससा लिहून भागत नाही.

सगळ्यात जास्त चुका विभक्तीत होतात. अनेकवचन ससे, पण प्रत्यय लागला की ‘सा’चा ‘शा’ होतो: सशाला, सशाचे कान, सशांनी. ‘ससाला’ चूक. मासा–माशाला, पैसा–पैशाला, तसंच हे. चंद्रावरच्या डागात ससा पाहिला म्हणून चंद्र शशी; एकटा लिहिताना शी दीर्घ, शशिकांत किंवा शशिकलेत ऱ्हस्व.

न होणारी गोष्ट म्हणजे सशाचं शिंग. वाईजवळ समाधी असलेल्या वामन पंडितांच्या नीतिशतकाच्या मराठी अनुवादात ते भेटतं. चहूकडून हाकलला जाणारा, दमलेला माणूस दाखवायचा तर ससेहोलपट: ‘एका दाखल्यासाठी म्हाताऱ्याची ससेहोलपट झाली.’

ससेमिरा मात्र सशाच्या खात्यात टाकू नका. मित्रद्रोहामुळे वेड लागलेला राजपुत्र ‘स-से-मि-रा’ एवढंच बडबडत राहतो, अशी जुनी संस्कृत कथा आहे. चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची पहिली अक्षरं. त्यावरून पाठ न सोडणारा तगादा तो ससेमिरा. त्यात ससा कुठेच नाही.